पिवळा रकाना

मेश्राम सरांना "आज थंडी आहे" असे सांगण्यात धोका होता. ते डोक्यावरची लोकरी टोपी काढत, ती खुंटीला अडकवत आणि विचारत, "कोणाच्या मानाने?" म्युनिकजवळच्या गार्चिंगमधल्या आमच्या संस्थेत नव्याने आलेला प्रत्येक विद्यार्थी पहिल्या आठवड्यात या प्रश्नाला प्रामाणिकपणे उत्तर देण्याचा प्रयत्न करी. दुसऱ्या आठवड्यापासून तो हवामानाविषयी बोलणे बंद करी. सर हा प्रश्न विनोद म्हणून विचारत नसत. तुलना सांगितल्याशिवाय केलेले विधान त्यांना अर्धवट शिजलेल्या भातासारखे वाटे. घरीही तेच. "अहो, भाजी तिखट झाली का?" या वंदनाकाकूंच्या प्रश्नाला "कोणाच्या मानाने?" हे उत्तर मी स्वतः ऐकले आहे. त्यावरचे काकूंचे "तुमच्या आईच्या मानाने नाही झाली, जेवा आता" हेही.

डॉ. प्रभाकर मेश्राम हे नागपूरचे संख्याशास्त्रज्ञ. जर्मनीत त्यांना वीसहून अधिक वर्षे झाली होती. आमच्या गटाचा विषय अमेरिकेतल्या निवडणुका हा होता: तिथल्या मतदाराचे शिक्षण, वय, वंश आणि राहण्याचे ठिकाण यांचा त्याच्या मताशी काय संबंध असतो. बव्हेरियात बसून नागपूरच्या माणसाने अमेरिकेचा अभ्यास का करावा, असे पाहुणे विचारत. सरांचे उत्तर ठरलेले होते. "त्यांचा डेटा मोकळा आहे. आणि त्यांच्यात माझं कोणी नातेवाईक नाही."

मी पुण्याहून पीएच.डी.साठी आले तेव्हा माझ्याकडे ठोस योजना होती. पहिला शोधनिबंध वर्षभरात, प्रबंध वेळेच्या आधी. पहिल्या सादरीकरणात मी एका वाक्यात निष्कर्ष मांडला. आमच्या आलेखांत एक पक्ष लाल रंगाने दाखवला जाई आणि दुसरा निळ्या. पदवीधर निळ्याकडे झुकतात, पदवी नसलेले लालकडे, आणि ही दरी वाढत आहे, असे मी सांगितले.

"पदवी मतदान केंद्रावर जाते का?" सरांनी विचारले.

"म्हणजे, पदवी असलेली माणसं जातात, सर."

"मग माणसाचं बोला. पदवी घेतलेला माणूस गाव सोडतो. शहरात भाड्याने राहतो, उशिरा लग्न करतो, वेगळ्या लोकांबरोबर जेवतो. यातलं मत कशाने बदललं?"

"ते सगळं सारखं धरूनच तुलना केलीय, सर. कंट्रोल केलंय."

"छान. गोऱ्या माणसाच्या पदवीचा जो परिणाम दिसतो, तोच काळ्या माणसाच्या पदवीचा दिसतो?"

"तितका नाही."

"तरुणांत आणि म्हाताऱ्यांत?"

"सारखा नाही."

"एका पिढीमागे?"

एका पिढीमागे चित्र बरेचसे उलटे होते. हे मला ठाऊक होते आणि मी ते शेवटच्या स्लाइडवर बारीक अक्षरांत लिहिले होते. सरांनी ती स्लाइड पुन्हा लावायला सांगितली, चष्मा वर करून वाचली आणि म्हणाले, "हे पहिल्या स्लाइडवर घ्या." त्यांनी कधीही कोणाला "चुकलं" म्हटले नाही. ते फक्त स्लाइडांचा क्रम बदलत.

माझ्या आणि त्यांच्या मतभेदाचा खरा विषय वेगळा होता. कोणत्याही पाहणीत काही माणसे उत्तर देतच नाहीत. आणि उत्तर देणाऱ्यांत शिकलेली माणसे नेहमी जास्त असतात. त्यांना प्रश्नावल्या भरण्याची सवय असते. पदवी नसलेला, लहान गावातला माणूस फोन ठेवून देतो. त्याचे मत न विचारता अमेरिकेचे चित्र काढले तर ते प्रत्यक्षापेक्षा निळे निघते, आणि निकालाच्या दिवशी सगळे तज्ज्ञ एकमेकांकडे पाहू लागतात. यावरचा आमचा उपाय असा, की न मिळालेले उत्तर मॉडेलने भरायचे. शिक्षण अमुक, वय अमुक, जिल्हा अमुक, म्हणजे याचे मत बहुधा अमुक. माझे मॉडेल हे काम चांगले करत होते. कोणाच्या मानाने, हेही मी सांगू शकत होते.

सरांचे दोन नियम होते. एक, असा भरलेला प्रत्येक रकाना पिवळा करायचा. पांढरा रकाना फक्त माणसाने स्वतः दिलेल्या उत्तरासाठी. दोन, पिवळा करण्याआधी विचारण्याचा प्रयत्न करायचा. ज्यांनी पुन्हा संपर्क केला तर चालेल असे कळवले असेल, पण उत्तर दिले नसेल, त्यांना गटातल्या प्रत्येकाने काही फोन करायचे. दुसरे गट हे काम कंपन्यांकडून करून घेत. आम्ही दुपार सरता सरता, अमेरिकेत सकाळ होताना, कानाला हेडफोन लावून नकार ऐकत असू.

"सर, हे वेळखाऊ आहे," मी एकदा म्हणाले. "मॉडेलने भरलेलं आणि फोनवर मिळालेलं, यात फारसा फरक येत नाही."

सरांनी किटली ठेवली. आमच्या स्वयंपाकघरात कॉफीचे महागडे यंत्र होते. सर त्याला बगल देऊन, आले किसून चहा करत.

"मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो," ते म्हणाले. "उत्तर नागपुरात, आमच्या वस्तीत निवडणुकीची पाहणी करायला एक मुलगा आला. विद्यापीठाचाच. आई दारात बसून तांदूळ निवडत होती. त्याने नाव विचारलं. वय विचारलं. शिक्षण विचारलं, आईने चौथी सांगितलं. मग त्याने भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो पाहिला, शेवटचा रकाना स्वतःच भरला आणि उठला. आई म्हणाली, 'अन् ते शेवटचं?' तो म्हणाला, 'ते झालं, मावशी.' 'झालं कसं? तू तर विचारलंच नाही.' 'तुमचं ठरलेलं असतं, मावशी.'"

"मग?"

"आई म्हणाली, 'सांगणार तर मी नव्हतेच. पण विचारायला पायजे होतं.'"

चहा उकळला. सरांनी गाळणी शोधली.

"त्याचा अंदाज बरोबर होता का?" मी विचारले. मला खरोखर जाणून घ्यायचे होते.

"माहीत नाही. आईने मत कोणालाच सांगितलं नाही, बाबांनाही नाही. माहिती अपूर्ण आहे." त्यांनी माझ्यापुढे कप सरकवला. "त्या मुलाने जे केलं तेच आपण पगार घेऊन करतो. आपण फक्त पिवळं करतो."

मी फोन करत राहिले. त्यातला एक ओहायोमधल्या लहान गावातल्या ट्रकचालकाला होता. त्याने माझे वाक्य पुरते होऊ दिले नाही. तुम्ही लोकांनी मी कोण ते आधीच ठरवलेले असते, मग फोन कशाला करता, असे तो म्हणाला. मी प्रशिक्षणात शिकवलेले उत्तर देऊ लागले, तेवढ्यात सरांनी हात पुढे केला आणि हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवला.

"साहेब, त्याचसाठी फोन केला आहे," ते इंग्रजीत म्हणाले.

पलीकडचे बोलणे माझ्या संगणकाच्या स्पीकरवरही ऐकू येत होते. तुम्ही कुठून बोलता, असे त्याने विचारले.

"जर्मनीतून."

"बोलण्यावरून जर्मन वाटत नाही."

"अजून नाही. विचार चालू आहे."

त्या माणसाला हे आवडले असावे. तो बराच वेळ बोलला: डिझेल, गुडघा, बंद पडलेली शाळा. राष्ट्राध्यक्षपदासाठी आपले मत लाल पक्षाला, असे त्याने सांगितले. माझ्या मॉडेलचे भाकीत तेच होते. मी सरांकडे विजयी मुद्रेने पाहिले. पुढे तो म्हणाला की शेरीफसाठी, म्हणजे जिल्ह्याच्या निवडून येणाऱ्या पोलीसप्रमुखासाठी, मात्र आपण नेहमी निळ्याला मत देतो, कारण शेरीफ आपला मेहुणा आहे, आणि रविवारी जेवायला त्याच्याकडेच जावे लागते. मेहुणा ही गोष्ट माझ्या मॉडेलमध्ये नव्हती. सरांनी हेडफोन परत दिला. "पांढरा करा," एवढेच म्हणाले.

जर्मन नागरिकत्वाचा विचार चालू आहे, हे त्यांनी त्या अनोळखी माणसाला सांगितले, तेव्हा आम्हाला प्रथमच कळले. भारताचे पारपत्र ठेवणाऱ्या माणसाला परदेशात राहूनही गावी मत देता येते. मात्र त्यासाठी जातीने तिथे हजर राहावे लागते. सर प्रत्येक निवडणुकीला जात. रजा टाकून, विमान बदलून, आईने जिथे मत दिले त्याच शाळेत मत देऊन परत येत. जर्मन नागरिकत्व घेतले की भारताचे जाते, आणि त्याबरोबर ते मतही जाते. न घेतले, तर जिथे कर भरतो, जिथे मुलगी वाढली, तिथे जन्मभर दुसऱ्यांची मते मोजत राहायचे.

हा पेच लोकांना ठाऊक होता आणि लोक त्यावरून त्यांना टोचल्याशिवाय सोडत नसत. महाराष्ट्र मंडळाच्या सभेत एकदा वार्षिक कार्यक्रमाचे सभागृह बाहेरच्या उपनगरात, उंटरश्लाइसहाइमला घ्यावे की म्युनिक शहरात, यावर मतदान होणार होते. वातावरण एखाद्या घटनादुरुस्तीला शोभावे इतके तापले होते. एका सॉफ्टवेअरवाल्या गृहस्थांनी मुद्दाम मोठ्याने विचारले, "काय मेश्राम साहेब, तुमचं अमेरिकन मॉडेल काय म्हणतं? कोण जिंकणार?"

"शिक्षणावरून काही सांगता येणार नाही," सर म्हणाले. "इथे सगळेच एम.एस. आहेत. जे सगळ्यांचं सारखं, त्याने फरक कळत नाही."

"मग कशावरून कळेल?"

"गाडी कोणाकोणाकडे आहे, त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. सरांनी सभागृहावर नजर फिरवली आणि सांगितले, "उंटरश्लाइसहाइम. थोडक्यात." निकाल तसाच लागला. सरांनी स्वतः काय मत दिले ते सांगितले नाही. त्यांच्याकडे गाडी नव्हती, एवढे मी नोंदवते.

हरलेल्या बाजूच्या त्या गृहस्थांना राग आला होता. "अहो, अमेरिकेचं मत तुम्ही सांगता, भारताचं देऊन येता आणि राहता जर्मनीत! एकदा ठरवा तरी, साहेब."

लोक हसले. सरही थोडे हसले. यूबानच्या भुयारी रेल्वेने आम्ही परतलो. त्यांची मुलगी विशाखा सोबत होती. तिला मराठी सगळे समजते, पण उत्तर जर्मनमध्ये येते. ती खिडकीबाहेर बघत, वडिलांना जरा लागेल अशा आवाजात जर्मनमध्ये म्हणाली, "पापा, तू सगळ्यांना मोजतोस. फक्त स्वतःला नाही." तिला अठरावे लागले होते. पुढच्या निवडणुकीत ती मत देणार होती, आणि वडील दाराबाहेर उभे राहणार होते.

सरांनी "कोणाच्या मानाने?" असे विचारले नाही. म्हणून मला ही गोष्ट गंभीर वाटली.

एप्रिलमध्ये ते लोकसभेसाठी नागपूरला जाऊन आले. येताना संत्राबर्फी आणली आणि तिचे तुकडे स्वयंपाकघरात कोणतेही कारण न सांगता ठेवले. मेमध्ये त्यांनी नागरिकत्वाचा अर्ज केला. म्युनिकच्या परिसरात अशा अर्जांना किती काळ लागेल हे कोणी सांगू शकत नाही. सरांचे प्रमाणपत्र अनपेक्षितपणे ऑक्टोबरमध्येच आले. भारताचे पारपत्र त्यांनी वकिलातीत जमा केले. आणि मग त्यांनी एक गोष्ट केली, जी माझ्या माहितीत दुसऱ्या कोणीही केलेली नाही. त्यांनी नागपूरच्या मतदारयादीतून स्वतःचे नाव वगळण्यासाठी स्वतः फोन केला.

मी शेजारच्या टेबलावर होते. सर फोनवर नागपुरी बोलत होते, आणि पलीकडच्या कारकुनाचा आवाज माझ्यापर्यंत पोहोचत होता.

"नाव वगळायचं आहे? कोणाचं?"

"माझं. प्रभाकर मेश्राम."

"बरं. कारण काय लिहू? मयत?"

"नाही, जर्मन."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"साहेब, कोणी असं सांगत नाही. राहू द्या न यादीत. कोण पाहून राहिलं?"

"मी पाहून राहिलो न," सर म्हणाले. "यादी बरोबर असायला पायजे."

त्यांनी फोन ठेवला, संगणक उघडला आणि अमेरिकेच्या कोणत्या तरी जिल्ह्याचा आलेख बराच वेळ न्याहाळला. तो आलेख उलटा लागला होता. मी सांगितले नाही.

त्या नोव्हेंबरात अमेरिकेत मतदान झाले आणि महाराष्ट्रातही. अमेरिकेच्या निकालात पदवीची दरी जिथे अपेक्षित होती तिथे दिसली, आणि जिथे नव्हती तिथेही काही हलले. आम्ही पिवळ्या रकान्यांमुळे इतरांपेक्षा कमी चुकलो. माझा शोधनिबंध स्वीकारला गेला. महाराष्ट्राच्या मतदानाला या वेळी वंदनाकाकू एकट्या गेल्या. त्यांनी पारपत्र बदलले नव्हते. "घरातलं एक तरी मत तिकडे राहू दे," असे त्यांचे म्हणणे. त्यांची मोठी बॅग उचलायला मी विमानतळावर गेले होते. सर तिकिटाकडे असे पाहत होते, जणू त्यावर छपाईची चूक आहे.

"अहो," काकू म्हणाल्या, "तुम्ही दर वेळेस कोणाला देत होते, ते सांगून ठेवा. माझं अजून ठरलं नाही. तुमचंच देऊन येते."

"ते गुप्त असतं."

"बाप्पा! आता तर ते मत राहिलंच नाही तुमचं. मग गुप्त काय राहिलं?"

सरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "पोहोचलात की फोन करा," म्हणाले. काकू आत गेल्यावर आम्ही परतीची एसबान लोकल पकडली. ते सारा वेळ उभे होते, गाडी रिकामी असताना.

मग जर्मनीतली निवडणूक फेब्रुवारीवर येऊन ठेपली. मला उत्तरेकडच्या एका शहरात नोकरी मिळाली होती, आणि त्या रविवारी काकूंनी मला निरोपाच्या जेवणाला बोलावले होते. जेवणाआधी मतदान, असा सरांचा क्रम होता. मतदान केंद्र जवळच्या प्राथमिक शाळेत होते. आम्ही तिघे चालत गेलो: सर, विशाखा आणि मी. मला मत नव्हते. मी अंगणात थांबले. सरांनी काळा कोट घातला होता, आणि त्यांच्या खिशात मतदारपत्र होते. पायऱ्या चढताना ते मध्येच थांबले. मला वाटले, घसरले की काय. त्यांनी फक्त बूट पायपुसण्यावर आणखी एकदा पुसले आणि आत गेले.

बाहेर एक तरुण मुलगी हातात कागद अडकवलेली पाटी घेऊन उभी होती. मत देऊन येणाऱ्यांतल्या ठरावीक क्रमाच्या माणसाला ती थांबवत होती आणि पाहणीचा कागद भरायला देत होती. क्रम पाळणे हाच या कामाचा प्राण असतो. कोणाला विचारायचे हे विचारणाऱ्याने ठरवायचे नसते. मी व्यवसायाच्या सवयीने तिचा क्रम मनात पाळू लागले.

सर आधी बाहेर आले, विशाखा त्यांच्यामागून. मुलीने सरांकडे पाहिले, हसून त्यांना वाट दिली आणि विशाखाला थांबवले. विशाखाने कागद भरला, घडी करून तिच्याजवळच्या पेटीत टाकला आणि आमच्याकडे आली. आम्ही फाटकाकडे निघालो. सर निघाले नाहीत.

"नंबर माझा होता," ते मराठीत म्हणाले.

"सर, जाऊ द्या," मी म्हणाले. "थंडी आहे."

त्यांनी त्यावरही काही विचारले नाही. ते वळून त्या मुलीकडे गेले आणि अत्यंत व्यवस्थित जर्मनमध्ये म्हणाले, "माफ करा. तुमच्या क्रमाप्रमाणे तुम्ही मला विचारायला हवं होतं."

मुलगी गोंधळली. "तुम्ही मत दिलंत?"

"हो."

"ओह. मला वाटलं, तुम्ही मुलीबरोबर आला आहात. म्हणजे, सोबत म्हणून."

"तुम्ही अंदाज केलात."

ती लाल झाली. "हो. एंटशुल्डिगुंग. माफ करा."

"हरकत नाही. विचारा."

विशाखा माझ्या कोटाची बाही ओढत "पापा, बिट्टे" असे विनवत पुटपुटत होती. मुलीने कागद पुढे केला. सरांनी हातमोजा काढून तो घेतला आणि अगदी वरपासून वाचला: वय, शिक्षण, गेल्या वेळचे मत, आजचे मत. मागची बाजूही वाचली. पेन्सिल घेतली नाही. मग त्यांनी तो कागद जसा होता तसा परत केला.

"धन्यवाद," ते म्हणाले. "मी उत्तर देणार नाही. ते गुप्त असतं."

मुलगी त्यांच्याकडे पाहत राहिली. "पण तुम्ही तर स्वतःच..."

"नकार देणाऱ्यांसाठी एक रकाना असेल तुमच्याकडे."

"आहे."

"तिथे."

तिने पाटीवर खूण केली. सर जरासे वाकले, ती योग्य ओळीत पडली आहे याची खात्री केली, "गेनाऊ", अगदी बरोबर, असे म्हणाले आणि हातमोजा चढवून बर्फातून फाटकाकडे निघाले.